ठमी झोपू देत नाही!

मैत्रिणींनो, रात्री साडेतीन वाजता तुम्हांला कुणी कधी गालावर चापट मारून उठवलं आहे का? तशी रात्री उठायची सवय आपल्याला असतेच. मूल तान्हं असताना आपण उठलो, घरात कुणी आजारी असताना उठलो, नळाच्या पाण्याची वेळ चुकू नये म्हणून उठलो. पण मूल तान्हं नाही, घरात सगळे धडधाकट, पाणी यायला अजून दोन तास अवकाश, आणि तरीही कुणीतरी छातीवर येऊन बसतं, गारगार नाक गालाला लावतं आणि कानाशी तोंड आणून 'म्यांऽऽव' करतं! आमच्याकडे पाच महिने हे रोज चाललं होतं. हे 'कुणीतरी' म्हणजे आमची ठमी.

तीन वर्षांपूर्वी भर पावसात आमच्या लेकीनं तिला दप्तरात घालून घरी आणलं. मुठीएवढं पिल्लू, अंगावर चिखल, थरथर कापणारं. "आई, फक्त पाऊस थांबेपर्यंत हं!" असं ठरलं होतं. पाऊस थांबला, ठमीही थांबली, ती कायमचीच. घरातले उंदीर नाहीसे झाले. सासूबाई पोथी वाचायला बसल्या की ही शेजारी डोळे मिटून बसायची, जणू तिलाच सगळा अर्थ कळतो. आमच्या ह्यांच्या इस्त्रीच्या शर्टावर झोपण्याची खोड सोडली तर तक्रारीला जागा नव्हती.

गेल्या दिवाळीनंतर थंडी पडली आणि एका रात्री तिनं मला उठवलं. मी उठले, थेंबभर दूध बशीत ओतलं, ती प्यायली आणि गप्प झाली. 'चला, सुटले', असं म्हणून मी पांघरूण ओढलं. दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्री तेच. आठवड्याभरात आमची वेळ ठरून गेली. एखाद्या रात्री मी मुद्दाम उठायची नाही. मग ती टेबलावरचं पेन खाली पाडायची, कपाटाचं दार वाजवायची, ह्यांच्या पायाचा अंगठा चावायची. शेवटी 'सगळं घर जागं व्हायला नको' म्हणून मीच उठायची. हे वाक्य लक्षात ठेवा बरं का, ह्याच्याकडे पुन्हा यायचं आहे.

घर आवरून मी अकरा ते दोन शाळेत मराठी शिकवायला जाते. रात्रीच्या जागरणानं वह्या तपासताना डुलक्या लागू लागल्या. एका मुलीला मी दहापैकी बारा गुण दिले! वर्ग हसला, मीही हसले. पण हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं, हे पुढच्याच आठवड्यात कळलं.

ह्यांना कामावर जायला रोज पंचवीस किलोमीटर स्कूटर चालवावी लागते. एका संध्याकाळी हे घरी आले ते पांढरेफटक होऊन. पाणी प्यायले आणि म्हणाले, "आज चालत्या गाडीवर डोळा लागला. समोरच्या ट्रकचा भोंगा वाजला म्हणून वाचलो." मग थोडा वेळ कुणीच बोललं नाही. नंतर हे म्हणाले, "रविवारी तिला पोत्यात घालतो आणि आयर्विन पुलापलीकडे सांगलीवाडीच्या मळ्यात सोडून येतो. तिकडे उंदीर भरपूर आहेत. तिचंही बरं चालेल."

लेक ताटावरून उठून गेली. आणि मी? मैत्रिणींनो, खरं तेच सांगते. मी गप्प बसले. त्या क्षणी मलाही वाटलं, जाऊ दे एकदाची.

बोलल्या त्या सासूबाई. "गावभागातल्या वाड्यात असताना माझी एक पांढरी मांजरी होती," त्या म्हणाल्या. "दुधाच्या पातेल्यात तोंड घातलं म्हणून माझ्या सासऱ्यांनी गड्याला सांगून तिला नदीपार सोडायला लावली. नवव्या दिवशी परत आली. पाय रक्तानं भरलेले, पोट खपाटीला गेलेलं. दोन दिवसांत गेली बिचारी. मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर द्यावं लागतं म्हणतात. सोडून दिलं तर काय द्यायचं, ते मात्र मला कुणी सांगितलं नाही."

ह्यांनी मान खाली घातली. "एक महिना," हे म्हणाले. "एका महिन्यात तिला झोपायला शिकवा, नाहीतर मग मला बोल लावू नका."

इथं एक गोष्ट सांगून ठेवते. 'मळ्यात सोडलं की मांजर आपलं आपण जगतं', हा आपल्याकडचा सोयीचा समज आहे. ज्या मांजराला तीन वर्षं ताटलीत खायला मिळालं, त्याला तिथल्या कुत्र्यांची, बोक्यांची वाट ठाऊक नसते. आणि पाळलेलं जनावर उपाशी पडेल अशा स्थितीत विनाकारण सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे गुन्हाही आहे. पुण्यपाप मानत नसाल तरी कायदा मानावाच लागतो!

मांजराची वेळ आणि आपली वेळ

दुसऱ्याच दिवशी मी ठमीला भाजीच्या झाकणाच्या टोपलीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी वजन केलं, ताप पाहिला, तोंड उघडून दात पाहिले, पोट चाचपलं. मग मला एक-एक प्रश्न विचारत गेले. त्यांच्याकडून जे शिकले, ते तुम्हांलाही उपयोगी पडेल.

मांजर रात्रभर जागतं असं आपण म्हणतो, ते पुरतं खरं नाही. ते दिवसातून बारा ते सोळा तास झोपतं. त्याची खरी जागी होण्याची वेळ दोनदा येते, एकदा दिवेलागणीला आणि एकदा पहाटेपूर्वी. उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातलं रानमांजर हे आपल्या मांजराचं पूर्वज. उंदीर-घुशी ज्या वेळी हिंडतात, त्या अंधूक उजेडात शिकार करायची हा त्याचा धर्म. माणसाच्या सोबतीला मांजर आलं त्याला हजारो वर्षं झाली. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं आहे. पण इतक्या वर्षांत त्यानं आपलं घड्याळ काही बदललेलं नाही. तेव्हा पहाटे जाग येण्यात ठमीचा गुन्हा नव्हता. जाग आल्यावर मला उठवणं, हे मात्र तिला कुणीतरी शिकवलं होतं.

दुसरी गोष्ट खाण्याची. उंदीर म्हणजे मांजराचा एक घास. रानात ते दिवसरात्रीत असे अनेक छोटे घास खातं. आम्ही ठमीला काय देत होतो? सकाळी दूधभात आणि संध्याकाळी सातला दूधभात. आमचं घर शाकाहारी, त्यामुळे दुसरं काही सुचलंच नव्हतं. डॉक्टर हसले. म्हणाले, "ताई, तुम्ही शाकाहारी आहात, मांजर नाही. त्याला मांसातले काही घटक लागतातच. टॉरीन नावाचा एक आहे. तो पुरेसा मिळाला नाही तर मांजराचे डोळे आणि हृदय दोन्ही बिघडतात. भातानं पोट फुगतं, भूक भागत नाही. सातला जेवलेलं मांजर तीनला भुकेजणारच!"

आणि दूध? आपल्या सगळ्या गोष्टींत मांजर दूध पितं, पण मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचत नाही. दुधातली साखर पचवण्याची ताकद पिल्लूपण संपलं की कमी होत जाते, मग जुलाब होतात. ठमीला अधूनमधून पातळ होत होतं, ते ह्याचमुळे. डॉक्टरांनी दूध एकदम बंद करायला सांगितलं आणि मांजरांसाठी मिळणारं तयार कोरडं खाणं सुरू करायला सांगितलं. ते आधीच्या खाण्यात मिसळत मिसळत आठवड्याभरात बदलायचं. सासूबाईंच्या स्वयंपाकघरात ते येणं शक्य नव्हतं, म्हणून डबा मागच्या पडवीत ठेवला आणि ताटली-वाटीही तिथंच. अडचण असली की जागाही निघते.

आमचा पाठ

डॉक्टरांनी जो क्रम सांगितला तो अगदी सोपा आहे. शिकार, जेवण, अंग चाटणं आणि झोप, हा मांजराचा नैसर्गिक क्रम. तो आपण रात्री दहाच्या सुमारास घडवून आणायचा.

साडेनऊला खेळ. एका काठीला सुतळी बांधायची, सुतळीच्या टोकाला चिंधी. ती जमिनीवरून सरपटत न्यायची, कोपऱ्याआड लपवायची, मध्येच थांबवायची. मांजर दबा धरतं, झेप घेतं, पकडतं. अधूनमधून त्याला खरोखर पकडू द्यायचं, नाहीतर ते चिडतं. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. खेळ झाला की काठी-सुतळी कपाटात बंद करायची. सुतळी, दोरा, लोकर मांजरानं गिळली तर आतड्यात अडकते आणि जिवावर बेततं.

खेळानंतर लगेच दिवसातलं मोठं जेवण. एरवीच्या खाण्यातूनच हा वाटा काढून ठेवायचा, वरचा द्यायचा नाही. नाहीतर मांजर झोपेल खरं, पण लठ्ठही होईल. शेजारी स्वच्छ पाणी.

दिवसा तिला थोडं जागं ठेवायचं. ठमी सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा माळ्यावर गाद्यांत घोरत पडायची. मी तिचं दुपारचं खाणं जुन्या पुठ्ठ्याच्या खोक्यात भोकं पाडून त्यात घालू लागले. पंज्यानं एकेक दाणा बाहेर काढायला तिला अर्धा तास लागतो. लेकीची करमणूक होते ती वेगळीच.

आता सगळ्यांत अवघड पायरी. रात्री मांजर कितीही ओरडलं तरी उठायचं नाही. बोलायचंही नाही, रागवायचंही नाही, ढकलायचंही नाही. 'गप गं बाई' म्हटलं तरी तिच्या लेखी तुम्ही जाग्या झालात, म्हणजे काम झालं. पाच रात्री न उठता सहाव्या रात्री उठलात तर सगळ्यांत वाईट. कारण त्यातून मांजर एवढंच शिकतं, की पाच रात्री पुरत नाहीत, सहा रात्री ओरडावं लागतं. आपली मुलं हट्ट कसा शिकतात ते आठवा, म्हणजे हे पटेल.

सकाळी उठल्याबरोबर खायला देण्याची चूकही मी करत होते. माझे पाय जमिनीला लागले की ताटली भरत होती. मग माझे पाय जमिनीला लागावेत म्हणून ती धडपडणारच! आता मी उठते, दात घासते, दूध तापायला ठेवते, पाणी भरते आणि अर्ध्या तासानं तिची ताटली भरते.

पहिल्या तीन रात्री भयंकर गेल्या. दिवा विझताना मोठा होतो तशी गत. ठमीनं भांड्यांची मांडणी हलवली, दारावर नखं ओढली, शेजारच्या वहिनींनी सकाळी 'काय, कुणी आजारी आहे का?' म्हणून विचारलं. दाराला मी जाड गोणपाट ठोकलं. ह्यांनी कानांत कापूस घातला. चौथ्या-पाचव्या रात्रीपासून मात्र ठमी दहा मिनिटं ओरडायची आणि आपोआप गप्प व्हायची. मला वाटलं, जिंकलो!

पण तसं नव्हतं. दहा दिवस झाले तरी रोज साडेतीनला ती यायचीच, आणि पोटही सुधारलं नव्हतं. मी डॉक्टरांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "ताई, दूध अजून चालू आहे. घरात कुणीतरी देतंय."

मला जरा रागच आला. आमच्या घरात कोण देणार? लेक गाढ झोपते. हे तर महिना मोजत बसलेले.

बशीतलं दूध

त्या रात्री मी जागीच राहिले. साडेतीनला ठमी आली, ओरडली, थोडा वेळ वाट पाहिली आणि निघून गेली. मी हलकेच उठून तिच्या मागे गेले. सासूबाईंच्या खोलीत झिरोचा दिवा लागलेला होता. सासूबाई पलंगावर बसल्या होत्या, ठमी मांडीवर, शेजारी बशी. त्या तिच्या पाठीवरून हात फिरवत हळू आवाजात म्हणत होत्या, "ये गं बाई. तुला झोप नाही, मला तरी कुठं आहे?"

मी दारातूनच परत फिरले. पांघरुणात शिरले, पण झोप लागली नाही. पाच महिने मी मांजराच्या झोपेची चिंता करत होते. दोन भिंतींपलीकडे एक माणूस रोज पहाटे एकटं जागं बसत होतं, आणि ते मला एका मांजरामुळे कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेथी निवडताना मी दुधाचा विषय काढलाच नाही. नुसतं विचारलं, "आई, रात्री झोप लागत नाही का हल्ली?"

बराच वेळ त्या मेथीच निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "तीनला जाग येते. तुझ्या मामंजींची खोकल्याची वेळ होती ना ती. मी उठायची, गरम पाणी द्यायची, पाठ चोळायची. शेवटची चार वर्षं तेच. ते गेले, त्याला आता दोन वर्षं होतील. पण जाग काही गेली नाही. तेव्हा उठून करायचं काय? ठमी येते, तिला दोन घोट देते. तेवढंच कुणीतरी."

मैत्रिणींनो, मला त्या वेळी काय बोलावं सुचलं नाही. मी म्हटलं, "दूध तिला बाधतं हो आई. आणि तुमच्या हातचं ती सोडणारही नाही. मग असं करू, तिचं रात्रीचं सगळंच तुम्ही बघा. खेळ आणि जेवण. दहाला." त्या म्हणाल्या, "खेळ? ह्या वयात?" पण त्याच रात्री साडेनऊला, लेकीनं काठी हातात दिल्यावर, खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी ठमीला असं नाचवलं की हेही वर्तमानपत्र ठेवून बघत बसले. मांसाच्या खाण्याच्या डब्याला मात्र त्या हात लावत नाहीत. लेक ताटली भरते आणि त्या 'ठमाबाई, चला पानं वाढलीत' म्हणून हाक मारतात. श्रेय त्यांचं, सोवळंही त्यांचं!

सासूबाईंना मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडेही नेलं. त्यांच्या रक्तदाबाच्या औषधात लघवी जास्त होण्याची एक गोळी होती आणि ती त्या संध्याकाळी घेत होत्या. डॉक्टरांनी ती सकाळी घ्यायला सांगितली. दुपारची दोन-अडीच तासांची झोप अर्ध्या तासावर आणायला सांगितली, चारनंतर चहा नको म्हणाले, संध्याकाळी देवळापर्यंत चालायला सांगितलं. तुमच्याही घरी असं कुणी असेल तर डॉक्टरांना जरूर विचारा. पण गोळ्यांच्या वेळा आपल्या मनानं बदलू नका.

केव्हा दवाखाना गाठायचा?

प्रत्येक मांजराच्या रात्रीच्या ओरडण्याचं कारण भूक आणि सवय एवढंच नसतं. न उठण्याचा उपाय सुरू करण्याआधी पुढच्या गोष्टी पाहून घ्या.

मांजरी पाच-सहा महिन्यांची किंवा मोठी आहे, शस्त्रक्रिया झालेली नाही, आणि लोळण घेत, शेपटी बाजूला करून वेगळ्याच आवाजात ओरडते आहे? ती माजावर आली आहे. ह्याला शिस्त हा उपाय नाही. जनावरांच्या डॉक्टरांकडून शस्त्रक्रिया करून घ्या. नाहीतर सुमारे दोन महिन्यांनी पिल्लांची सोय बघावी लागेल! बोक्याचीही शस्त्रक्रिया करता येते, म्हणजे रात्रीचं भटकणं आणि मारामाऱ्या पुष्कळ कमी होतात.

बोका वारंवार मातीच्या ट्रेमध्ये बसतो, कण्हतो आणि लघवी होत नाही? मग सकाळची वाट पाहू नका. त्याची लघवी अडली आहे. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.

मांजर दहा-बारा वर्षांचं झालं आहे आणि आता नव्यानंच रात्री ओरडू लागलं आहे? खातं खूप आणि वाळत चाललं आहे? पाणी फार पितं? थायरॉईडचं, मूत्रपिंडाचं दुखणं, रक्तदाब, बहिरेपणा, दिसेनासं होणं, म्हातारपणीचं गोंधळणं, ह्यांतलं काहीही असू शकतं. अशा मांजराकडे दुर्लक्ष करणं म्हणजे शिस्त नव्हे, निर्दयपणा आहे.

खिडकीबाहेर रोज रात्री परका बोका येऊन बसतो? मग आतलं मांजर अस्वस्थ होणारच. खिडकीचा खालचा अर्धा भाग पुठ्ठ्यानं किंवा पडद्यानं झाका.

आणि काही गोष्टी मुळीच करू नका. मांजराला माणसांची झोपेची गोळी देऊ नका. तापाची, डोकेदुखीची पॅरासिटामॉलची गोळी तर मांजराला विष आहे, तुकडाही चालत नाही. पाणी फेकणं, काठी मारणं ह्यानं मांजर झोपायला शिकत नाही, तुम्हांला भ्यायला शिकतं. मातीचा ट्रे रोजच्या रोज साफ करा, कारण स्वच्छ जागा नसली तरी मांजर रात्री ओरडतं. घरात गरोदर बाई असेल तर हे काम दुसऱ्यानं करावं. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मोसिस नावाचा रोग होऊ शकतो आणि तो पोटातल्या बाळाला बाधू शकतो. त्यासाठी मांजर घराबाहेर काढण्याची गरज नाही. रोजची सफाई आणि दुसऱ्याचे हात एवढं पुरतं.

शेवटी एवढंच

दूध बंद झालं त्या रात्रीपासून मोजलं तर सतराव्या रात्री आम्ही सगळे पहिल्यांदा पाचपर्यंत झोपलो. ह्यांनी सकाळी उठून घड्याळ कानाला लावून पाहिलं, बंद तर नाही ना पडलं! महिना भरला त्या रविवारी पोतं बाहेर निघालं, पण ते गहू चाळून भरण्यासाठी. ठमी त्याच्यावरच ऊन खात बसली होती.

आता मघाच्या त्या वाक्याकडे येते. 'सगळं घर जागं व्हायला नको म्हणून मीच उठायची.' आपल्यापैकी किती जणींचं हे वाक्य असेल! ठमी माझ्याच छातीवर का येऊन बसायची, ह्यांच्या का नाही? कारण मी उठत होते. जी उठते तिलाच उठवलं जातं. हे मांजराला कळतं, मुलांना कळतं आणि घरातल्या मोठ्या माणसांनाही कळतं. ह्यात कुणाचा दुष्टपणा नसतो, नुसती सवय असते. आणि ती सवय एकटीनं मोडत नाही. एकीनं न उठायचं ठरवलं आणि दुसरीनं गुपचूप बशी भरली, तर सगळं मुसळ केरात. म्हणून घरातल्या सगळ्यांना आधी एकत्र बसवा, कोण काय करणार ते ठरवा, मगच सुरुवात करा.

पण बशी कोण भरतंय हे शोधायला निघालात, तर हलक्या पावलांनी जा. ती का भरली जाते, तेही त्या वेळी दिसेल.

सासूबाईंची झोप पूर्ण परतली आहे असं मी म्हणणार नाही. पूर्वी तीनला जाग यायची, आता बहुतेक रात्री चार-साडेचार होतात. लेकीनं आपलं अंथरूण हट्टानं आजीच्या खोलीत नेलं आहे. ठमी दोघींच्या पायांशी झोपते. परवा पहाटे पाणी प्यायला उठले तेव्हा डोकावून पाहिलं. झिरोचा दिवा चालू होता, तिघीही गाढ झोपल्या होत्या. मी दिवा तसाच राहू दिला आणि येऊन झोपले.